नव्या घराच्या खिडक्या: यूपीव्हीसीच्या घ्याव्यात की लाकडाच्या?

यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्या विकणारा सांगतो, लाकूड फुगतं, कुजतं, वाळवी खाते आणि सतत रंगवत बसावं लागतं. सुतार सांगतो, प्लास्टिक उन्हात पिवळं पडतं, वाकतं आणि एकदा बिघडलं की टाकूनच द्यावं लागतं. घर बांधणारा दोघांचं ऐकून घरी येतो आणि आणखीच गोंधळतो, कारण खोटं दोघांपैकी कुणीच बोललेलं नसतं. फक्त प्रत्येकाने स्वतःचा उत्तम माल समोरच्याच्या सगळ्यात वाईट मालाशेजारी ठेवलेला असतो.

माझं मत आधीच सांगतो. लाकडाचं वैर पाण्याशी, प्लास्टिकचं उन्हाशी. तुमच्या भिंतीवर यातलं काय जास्त येतं आणि पुढची वीस वर्षं त्या खिडकीकडे लक्ष देणारं कुणी घरात असणार आहे का, या दोन प्रश्नांवर बहुतेक निर्णय होऊन जातो. उष्णता, आवाज, धूळ यांवरून जे वाद होतात, ते बरेचसे काच, रबर आणि खिडकी बसवणाऱ्याच्या हाताशी संबंधित असतात. चौकट कशाची आहे, याचा त्यात वाटा कमी.

## आधी खिडकी कशी उघडते ते ठरवा

भिंतीत पक्की बसते ती चौकट आणि उघडझाप होते तो पल्ला. पल्ला बिजागरीवर दारासारखा उघडतो, रुळावर आडवा सरकतो किंवा खाचेतून वर-खाली सरकतो. वर-खाली सरकणाऱ्या प्रकाराला सॅश खिडकी म्हणतात. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण साहित्याचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो तिथे.

बिजागरीचा पल्ला बंद केला की चौकटीवरच्या रबरी पट्टीवर दाबून बसतो. सरकत्या पल्ल्याला असं दाबून बसता येत नाही, नाहीतर तो सरकणारच नाही. म्हणून त्याच्या कडेला केसाळ ब्रशची पट्टी असते आणि तिच्यातून थोडी हवा, थोडी धूळ आणि जोराच्या पावसात थोडं पाणी आत येतंच. उचलून सरकवायच्या महागड्या पल्ल्यांत यावर तोडगा काढलेला असतो, पण साध्या सरकत्या खिडकीत नाही. हा फरक लाकूड आणि प्लास्टिक यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा आहे. शेजाऱ्याची सरकती लाकडी खिडकी गळते आणि मित्राची बिजागरीची प्लास्टिकची गळत नाही, एवढ्यावरून साहित्याबद्दल मत बनवू नका.

## हे प्लास्टिक नेमकं कुठलं?

बादल्या-खुर्च्यांचं हे प्लास्टिक नव्हे. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी, हा वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असलेला पदार्थ आहे. क्लोरीन मिठापासून मिळतं, उरलेला भाग खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून. पीव्हीसीत मऊ करणारी द्रव्यं मिसळली की त्यापासून विजेच्या तारेचं आवरण आणि रेक्झिन होतं. ही मऊ करण्याची युक्ती अमेरिकेत वाल्डो सेमन यांना १९२६ मध्ये सापडली. अशी द्रव्यं न घालता कडक ठेवलेलं पीव्हीसी म्हणजे यूपीव्हीसी. त्याच्या खिडक्या १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीत सुरू झाल्या.

नुसतं पीव्हीसी उन्हात तग धरत नाही. अतिनील किरण त्याच्या लांब साखळ्या तोडतात, मग ते पिवळं आणि ठिसूळ होतं. म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. पांढऱ्या रंगाच्या डब्यातही हीच पूड असते आणि ती किरण अडवते. शिवाय उष्णतेपासून वाचवणारी द्रव्यं, धक्का सोसण्यासाठी थोडं लवचिक द्रव्य आणि थोडी चुनखडीची पूड. ग्राहकाची फसगत नेमकी इथे होते. टायटॅनियम डायऑक्साइड महाग, चुनखडी स्वस्त. पहिलं कमी केलं आणि दुसरी वाढवली तरी दुकानात दोन्ही पट्ट्या सारख्याच पांढऱ्या दिसतात. काही उन्हाळे गेल्यावर एक पिवळी पडते, कोपऱ्यात तडकते आणि लोक म्हणतात, प्लास्टिकच वाईट.

पूर्वी उष्णतेपासून वाचवण्यासाठी शिशाची संयुगं वापरत. युरोपातल्या उत्पादकांनी २०१५ अखेर ती सोडून कॅल्शियम-झिंकची संयुगं घेतली. सगळीकडे तसं झालेलं नाही, तेव्हा माल शिसेमुक्त आहे का ते विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा.

## प्लास्टिक उन्हात वाकतं, हे खरं का?

अर्धं खरं. यूपीव्हीसी साधारण ७५ ते ८० अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं. पांढरी चौकट कडक उन्हातही सहसा तिथवर तापत नाही, कारण ती बराचसा प्रकाश परत फेकते. पण गडद तपकिरी किंवा काळी चौकट, त्यातही लाकडासारखी दिसावी म्हणून फिल्म चिकटवलेली, दुपारच्या उन्हात ७० अंशांच्या आसपास सहज जाते. वाकलेल्या प्लास्टिकच्या खिडक्यांच्या तक्रारींत गडद रंग आणि पश्चिमेची भिंत ही जोडी वारंवार दिसते.

त्याआधीची अडचण प्रसरणाची. दोन मीटर लांबीची यूपीव्हीसीची पट्टी ४० अंशांच्या फरकाने साडेपाच मिलिमीटरच्या आसपास लांबते. तेवढंच अ‍ॅल्युमिनियम दोन मिलिमीटरहून थोडं कमी लांबतं आणि लाकूड आपल्या लांबीच्या दिशेने जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर. म्हणून प्लास्टिकची चौकट भिंतीत सिमेंटने गच्च बसवायची नसते. चारही बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर फट ठेवून ती फोम आणि सीलंटने भरायची असते. गवंडी प्रेमाने ती फट सिमेंटने लिंपून टाकतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पल्ला अडकायला लागतो.

तिसरी गोष्ट ताठपणा. रेषांच्या दिशेने लाकूड यूपीव्हीसीपेक्षा तीन-चार पट ताठ असतं. ही कसर भरून काढायला प्लास्टिकच्या पोकळ पट्टीत, जिला धंद्यात प्रोफाइल म्हणतात, जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी सरकवतात. ती बाहेरून दिसत नाही, त्यामुळे स्वस्तातल्या खिडकीतून सगळ्यात आधी गायब होते ती हीच. लोहचुंबक लावून पाहा, पोलाद असेल तिथे ओढ जाणवते. चौकटीला लावा, पल्ल्याला लावा, मधल्या उभ्या पट्टीलाही लावा. कडी-बिजागरीचे स्क्रूही या पोलादापर्यंत पोचले पाहिजेत. नुसत्या प्लास्टिकमध्ये रुतलेला स्क्रू जड काचेचा पल्ला फार वर्षं पेलत नाही.

युरोपचं ईएन १२६०८ हे मानक प्रोफाइलच्या भिंतीच्या जाडीवरून वर्ग पाडतं. ‘ए’ वर्गात दिसणारी बाहेरची भिंत किमान २.८ मिलिमीटर, ‘बी’ वर्गात २.५. हेच मानक हवामानाचेही दोन गट करतं, सौम्य आणि तीव्र. सर्वात गरम महिन्याचं सरासरी तापमान २२ अंशांहून जास्त असलेला प्रदेश तीव्र गटात जातो. म्हणजे उन्हाळी देशांत राहणारे जवळजवळ सगळेच. थंड देशासाठी बनवलेली प्रोफाइल नावाजलेल्या कंपनीची असली, तरी ती तुमच्या उन्हासाठी बनवलेली असेलच असं नाही. हा एक प्रश्न विचारला की विक्रेत्याला माल किती कळतो ते लगेच लक्षात येतं.

## लाकूड वयाने कुजतं की पाण्याने?

पाण्याने. लाकूड खाणाऱ्या बुरशीला वाढायला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. चांगली खिडकी १२ ते १४ टक्के ओलाव्याच्या लाकडाची करतात. ओलावा २० च्या खाली राहिला तर ते लाकूड कुजत नाही, मग वर्षं कितीही होवोत. इंग्लंडमध्ये दोनशे वर्षांपूर्वीच्या पाइनच्या खिडक्या आजही उघडझाप होतात, आणि पाइन काही फार टिकाऊ लाकूड नव्हे. थंड प्रदेशात सावकाश वाढलेल्या झाडांचं ते घट्ट लाकूड होतं आणि पाणी त्यात साचू दिलं गेलं नाही, हे त्याचं कारण.

पाणी शिरतं कुठून, ते पाहण्यासारखं आहे. लाकूड म्हणजे बारीक पोकळ काड्यांची घट्ट मोळी. मोळीच्या अंगावर पाणी ओतलं तर बरंचसं ओघळून जातं, टोकावर ओतलं तर काड्या ते आत ओढतात. खिडकीच्या पल्ल्यात अशी कापलेली टोकं असतात कोपऱ्यांच्या सांध्यांत. त्यात वरचे दोन कोपरे बहुधा कोरडे राहतात आणि काचेवरून ओघळलेलं सगळं पाणी खालच्या आडव्या पट्टीवर येऊन सांध्याशी थबकतं. कुठलीही जुनी लाकडी खिडकी तपासायची झाली, तर खालच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. ते सहज आत गेलं तर आत कूज आहे, वरून रंग कितीही चकचकीत असो.

म्हणून सुताराला ‘लाकूड कुठलं’ हे तर तुम्ही विचारालच, पण सांधा जोडण्याआधी कापलेल्या टोकांना अस्तराचा हात देणार का, हेही विचारा. जोडून झाल्यावर बाहेरून दिलेला रंग त्या टोकांपर्यंत पोचत नाही. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने उतार हवा. तिच्या पोटाला एक बारीक खाच हवी, म्हणजे पाण्याचा थेंब तिथेच तुटून पडतो, आत ओढला जात नाही. या दोन-तीन गोष्टींनी खिडकीचं आयुष्य जितकं वाढतं, तितकं महाग लाकडानेही वाढत नाही.

लाकूड कुठलं याला अर्थातच महत्त्व आहे. युरोपीय वर्गवारीत सागाचा गाभा टिकाऊपणाच्या पहिल्या वर्गात, ओक दुसऱ्यात आणि पाइन तिसऱ्या-चौथ्या वर्गात येतो. ही वर्गवारी गाभ्याच्या लाकडाची आहे, हे मात्र लक्षात ठेवा. सालीजवळचं फिकं लाकूड सागाचं असलं तरी वाळवीला आणि बुरशीला बळी पडतं. ‘सागाच्या खिडक्या’ म्हणून मिळतात त्यात कोवळ्या झाडाची फिकी पट्टी किती आहे, ते डोळ्यांनी पाहून घ्या. एका अखंड ओंडक्याऐवजी तीन थर एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी कमी पिळते, तेव्हा ‘जोडलेलं लाकूड म्हणजे हलकं’ हा समज सोडून द्यायला हरकत नाही. अ‍ॅसिटिलेशन नावाची प्रक्रिया केलेलं पाइनही मिळतं. त्याची पाणी धरून ठेवण्याची ताकदच कमी केलेली असते आणि ते टिकाऊपणात सागाच्या रांगेत बसतं.

फुगण्याचं म्हणाल, तर लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, रुंदीच्या दिशेने हलतं. १० सेंटिमीटर रुंदीची पट्टी ओलावा १२ वरून १८ टक्क्यांवर गेला की दीड मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. पावसाळ्यात खिडकी घट्ट होते ती यामुळे. सुताराने ही जागा आधीच सोडलेली असली तर पावसाळ्यात रंधा मारायची वेळ येत नाही. आणि ऐन पावसात रंधा मारून पल्ला सैल करून घेतलात, तर उन्हाळ्यात तिथे फट पडते.

## रंगाची कटकट किती?

लोक लाकूड घेतात ते त्याच्या रेषा दिसाव्यात म्हणून आणि त्यावर पारदर्शक वॉर्निश मारतात. बाहेरच्या बाजूला यासारखं नुकसानकारक काही नाही. ऊन वॉर्निशमधून आरपार जातं आणि लाकडातल्या लिग्निनवर, म्हणजे काड्या एकमेकींना धरून ठेवणाऱ्या द्रव्यावर पडतं. लिग्निन तुटलं की वॉर्निशची पकडच सुटते आणि ते पापुद्र्यांनी निघतं. पापुद्र्याखाली पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट नसते. एक-दोन वर्षांत सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून काम.

रंगद्रव्य असलेला स्टेन, ज्यातून रेषा थोड्या दिसतात, साधारण तीन ते पाच वर्षं जातो. अपारदर्शक चांगला रंग छज्ज्याखाली पाच ते आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. रेषा हव्याच असतील तर आतल्या बाजूला ठेवा आणि बाहेरून रंग द्या. आतून कोण काय बघतं आणि बाहेरून कोण काय बघतं, या हिशोबानेही ते बरंच.

प्लास्टिकला रंग लागत नाही, पण ‘काहीच करावं लागत नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य खरं नाही. चौकटीच्या तळाशी पाणी बाहेर जायला भोकं असतात. ती धुळीने बुजली की पाणी आत साचून घरात येतं. वर्षातून एकदा-दोनदा ती मोकळी करायची, रबर पुसायचं, कड्या-बिजागऱ्यांना तेलाचा थेंब द्यायचा. एवढं तर लाकडालाही लागतंच. समुद्राजवळ घर असेल तर चौकटीआधी लोखंडी सामान गंजतं. तिथे स्टेनलेस स्टीलचं सामान घ्या, चौकट कशाचीही असो.

## उष्णता कोण जास्त अडवतं?

जवळजवळ बरोबरी. उष्णता किती जाते हे यू-मूल्याने मोजतात. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून जेवढे वॉट जातात, तो आकडा. जितका कमी तितकं चांगलं. एकेरी काचेचं यू-मूल्य साधारण ५.७, दोन काचा आणि मधे हवा असेल, म्हणजे जोडकाच असेल, तर २.८, त्यावर उष्णता परतवणारा अदृश्य लेप आणि मधे आर्गॉन वायू असेल तर १.१ च्या आसपास. चांगली लाकडी किंवा आत बरेच पोकळ कप्पे असलेली प्लास्टिकची चौकट दोन्ही साधारण १ ते २ च्या मधे येतात. चौकट खिडकीचा पाव हिस्सा व्यापते, बाकी सगळी काच. तेव्हा एकेरी काच लावून चौकटीच्या कप्प्यांवरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

उष्ण प्रदेशात तर यू-मूल्यापेक्षाही काचेतून थेट येणारं ऊन महत्त्वाचं. साधी काच उन्हाची ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा आत सोडते, ऊन रोखणारी लेप दिलेली जोडकाच ती ३० टक्क्यांच्या आसपास आणू शकते. छज्जा आणि बाहेरचा पडदा त्याहून स्वस्तात काम करतात.

अ‍ॅल्युमिनियमचं काय, असं कुणी विचारेलच. ते ताठ, हलकं आणि उन्हाला न भिणारं, पण उष्णता सर्रास जाऊ देतं. आतल्या आणि बाहेरच्या भागात उष्णता तोडणारी पट्टी घातलेली अ‍ॅल्युमिनियमची चौकटच या स्पर्धेत धरायची. आतून लाकूड आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचं कवच अशाही खिडक्या मिळतात. खर्च झेपत असेल तर त्या दोन्हींचे गुण देतात.

## आवाज, आग, चोरी

आवाज अडतो तो काचेच्या वजनाने आणि फटी बुजवून. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का फट राहिली, तरी ती खिडकी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज कापू शकत नाही, काच कितीही जाड असली तरी. दोन काचा घेत असाल तर वेगवेगळ्या जाडीच्या घ्या.

आगीत कडक पीव्हीसी ज्योत दूर झाली की सहसा विझतं, लाकूड पेटत राहतं. पण जळताना पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबणारा विषारी वायू आहे. यावरून निवड करू नये असं मला वाटतं. आग खिडकीच्या चौकटीपर्यंत येईतो घरातलं फर्निचर आणि पडदे पेटून चुकलेले असतात.

चोरीसाठी एकापेक्षा जास्त ठिकाणी अडकणारी कडी हवी, ती दोन्हींत बसते.

## किती वर्षं टिकेल?

चांगल्या यूपीव्हीसी खिडकीचं आयुष्य तीस-चाळीस वर्षं धरतात. नीट राखलेली लाकडी त्याच्या दीड-दोन पट सहज जाते, न राखलेली पंधरा वर्षांतही संपते. यातला ‘नीट राखलेली’ हा शब्द प्रामाणिकपणे स्वतःला लावून बघा. तिसऱ्या मजल्यावरच्या, परांची बांधल्याशिवाय हात न पोचणाऱ्या खिडकीला पाच वर्षांनी कोण रंग देणार आहे?

दुरुस्तीत मात्र लाकूड सरळ पुढे आहे. खालची पट्टी कुजली तर तेवढीच कापून नवी जोडता येते, आणि पन्नास वर्षांनीही कुठलाही सुतार तो आकार नव्याने काढू शकतो. प्लास्टिकच्या चौकटीचे कोपरे तापवून वितळवून एकमेकांना जोडलेले असतात. तिथे चीर गेली तर तो तुकडा बदलता येत नाही. रबर, कड्या, काच बदलता येतात, पण वीस वर्षांनी तीच प्रोफाइल बाजारात असेल याची खात्री कुणी देत नाही.

दोन काचांच्या मधे धुकं धरणं हा दोन्हींचा सामाईक आजार. जोडकाचेच्या कडेचं सील गेलं की बाहेरची दमट हवा आत शिरते. सील लवकर जातं ते काचेची खालची कड पाण्यात बसून राहिली तर. लाकडी पल्ल्यात जोडकाच बसवताना पाणी निघून जायला वाट हवी. आणि जवसाच्या तेलाची जुनी लांबी, म्हणजे पुट्टी, तिथे अजिबात वापरायची नाही, ते तेल सील खराब करतं. एकेरी काचेवर हात बसलेल्या कसलेल्या सुतारालाही हे माहीत नसू शकतं.

पर्यावरणाच्या बाजूने लाकूड वरचढ, पण अटीवर. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्मा कार्बन असतो आणि खिडकी टिकेल तोवर तो तिथेच राहतो. मात्र ते लाकूड कुठल्या जंगलातून आलं हे माहीत नसेल तर हा हिशोब कागदावरच. यूपीव्हीसी पुन्हा वितळवून वापरता येतं, पण त्यासाठी जुन्या खिडक्या गोळा करणारी यंत्रणा जवळ हवी, नाहीतर तो कचराच.

## वर-खाली सरकणारी खिडकी

सॅश खिडकीत दोन पल्ले एकापुढे एक असतात. वरचा थोडा खाली आणि खालचा थोडा वर केला की वरून गरम हवा बाहेर जाते आणि खालून गार आत येते, हा तिचा मोठा गुण. पल्ला अधांतरी राहतो तो तोलामुळे. जुन्या पद्धतीत चौकटीच्या पोकळ बाजूत दोरीला बांधलेली ओतीव लोखंडाची वजनं असतात, पल्ल्याच्या वजनाइतकी. नव्या पद्धतीत पीळ दिलेल्या स्प्रिंगा असतात. प्लास्टिकच्या सॅशमध्ये बहुधा स्प्रिंगाच.

काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. चार मिलिमीटरच्या एकेरी काचेचे १० किलो, तशाच जोडकाचेचे २०. म्हणजे जोडकाच घेतली की तोलही वाढवायला हवा. हे न केलेला पल्ला हातातून सुटून धाडकन खाली येतो. लोखंडाची मोठी वजनं पोकळीत मावत नसतील तर शिशाची घालतात, ती तेवढ्याच जागेत दीडपट जड असतात.

या प्रकारात मी लाकडाकडे झुकतो. लाकूड ताठ असल्याने त्याच्या पट्ट्या बारीक ठेवता येतात, प्लास्टिकला पोलाद घालूनही जाड राहाव्या लागतात. दोन पल्ले, त्यांच्या मधे भेटणाऱ्या पट्ट्या, सगळं जाड झालं की उजेडाची जागा घटते. प्लास्टिकच्या सॅशमध्ये काचेचे लहान चौकोन पाडणाऱ्या पट्ट्या बऱ्याचदा नुसत्या वरून चिकटवलेल्या असतात, तेही जवळून दिसतं. पण प्लास्टिकच्या बाजूने दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. तिची केसाळ पट्टी कारखान्यातच नीट बसवलेली असते, आणि पल्ला आत झुकवून बाहेरची काच घरातूनच पुसता येते. उंचावरच्या घरात याचं मोल कळतं.

## नवं घर ओलं असतं

नव्या बांधकामात एक जास्तीची भानगड. गिलावा आणि काँक्रीट सुकत असताना घरातली हवा काही महिने कमालीची दमट असते. तेव्हा लाकडी पल्ले बसवले तर ते फुगतात आणि घर सुकल्यावर सैल पडतात. चौकट लवकर लागणार असेल तर भिंतीला टेकणाऱ्या बाजूंसकट अस्तर मारूनच बसवा, पल्ले गिलाव्यानंतर. प्लास्टिकची खिडकीही शक्यतो गिलाव्यानंतर. वरची संरक्षक फिल्म काम संपलं की लगेच काढा. ती महिनोन्महिने उन्हात राहिली तर चिकटून बसते आणि मग नखाएवढे तुकडे खरवडत बसावं लागतं.

## मग घ्यावी कुठली?

पश्चिमेचं कडक ऊन, हात न पोचणारी उंची, रंगकामाला वेळ नाही, वाळवीचा त्रास: पांढरी किंवा फिकी, पोलाद घातलेली, तीव्र हवामानाची यूपीव्हीसी. खोल छज्जा, तळमजला, बारीक चौकट हवी, दर काही वर्षांनी रंग द्यायची तयारी आणि चांगला सुतार ओळखीचा: लाकूड. एकाच घरात दोन्ही ठेवायलाही कुणाची मनाई नाही. छज्ज्याखाली लाकूड, उघड्या भिंतीला प्लास्टिक, रंग जुळवला की खटकत नाही. दोन्हीपैकी काहीही परवडत नसेल तर वाईट यूपीव्हीसीपेक्षा खिडक्या थोड्या लहान करा आणि चांगल्या घ्या.

ऑर्डर देताना हे लिहून घ्या: प्रोफाइलचं नाव आणि भिंतीची जाडी किंवा लाकडाची जात आणि ओलावा, पोलाद कुठे-कुठे आहे, काचेची जाडी आणि लेप कुठल्या बाजूला, कडी-बिजागरीचा धातू, भिंतीला बोल्ट किती अंतरावर. प्लास्टिकच्या चौकटीला कोपऱ्यापासून १५० मिलिमीटरच्या आसपास पहिला बोल्ट आणि मधे ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. बसवून झाल्यावर पैसे चुकते करायच्या आधी प्रत्येक पल्ला स्वतः उघडून-मिटून पाहा आणि पाइप लावून बाहेरून पाणी मारा. तळाच्या भोकांतून ते बाहेर पडताना दिसलं पाहिजे. उरलेल्या रबराचा तुकडा, रंगाचा क्रमांक आणि कड्यांचं मॉडेल एका पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. दहा वर्षांनी सुटे भाग शोधताना दुकानदार पहिल्यांदा तेच विचारतो.